आ कर गं बाय

नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एका बाईला साबण खाऊ घातला.

हे शब्द माझे नाहीत, मेट्रनबाईंचे. मी आपला मोठ्या हौसेने बाजारातून लाल साबणाच्या वड्या आणून बायकांच्या वॉर्डातल्या मोऱ्यांवर ठेवल्या होत्या. नवा स्वच्छता निरीक्षक. काहीतरी करून दाखवायला हवं होतं. दुपारी मेट्रनबाई माझ्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी अर्धी वडी समोर ठेवली. तिच्यावर दातांचे ठसे स्वच्छ उमटले होते.

"निरीक्षक," त्या म्हणाल्या, "उरलेली अर्धी तुम्ही खाता, की परत कुलपात ठेवू?"

साबण खाणाऱ्या बाईला काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत ढेकर देताना तिच्या तोंडाला फेस येत होता आणि तिला ते फार आवडलं होतं, एवढंच. खरी चूक मी पुढे केली. ही गोष्ट घरी सांगितली. तेव्हापासून आमच्याकडे पाहुणा आला आणि मी हात धुवायला मोरीकडे गेलो, की आमची ही पाहुण्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणायची, "साबण जपून हं."

आमचं इस्पितळ मनाच्या रुग्णांचं होतं. एका धर्मादाय संस्थेने चालवलेलं, वसईच्या वाडीपट्ट्यात, केळी-माडांच्या मधोमध. मी बोळिंजहून सायकलने जायचो. गावात त्याला नुसतं 'वेड्यांचं' म्हणत. "काय कुठं कामाला?" "वेड्यांच्यात." "असं का," म्हणत विचारणारा जरा मागे सरकायचा. हा काळ एकोणीसशे सत्तर सरता सरताचा. तेव्हा अशा ठिकाणी निरीक्षक काय करतो, हे कुणाला सांगूनही कळायचं नाही, म्हणून इथे नीट सांगतो.

माणूस एका दुखण्यासाठी इस्पितळात येतो आणि इस्पितळ त्याला दुसरं चिकटवतं. खरूज, डोळे येणं, हगवण, कावीळ. हे दुसरं दुखणं कुठून आलं, कुणाकडून कुणाकडे गेलं, त्याचा माग काढायचा आणि त्याची वाट बंद करायची, हे माझं काम. साध्या इस्पितळात हे तसं सोपं. साबण, फिनेल, टॉवेल आणि भरपूर पाणी. आमच्याकडे यातली एकेक वस्तू म्हणजे संकट. साबण खातात. फिनेल पितात. टॉवेल गळ्याला बांधून घेतील म्हणून टॉवेल द्यायचा नाही. नळ उघडा राहिला तर वॉर्डाचं तळं होतं, म्हणून नळाची किल्ली बाहेर. म्हणजे रुग्णाला जंतूंपासून जपायचं, तर त्याला त्याच्या स्वतःपासून कसं जपणार? आणि स्वतःपासून जपायचं, तर जंतूंना रान मोकळं. आमच्या इस्पितळात स्वच्छता कुलपात असायची आणि किल्ली मेट्रनबाईंच्या कमरेला.

दुसरी अडचण याहून वाईट. साध्या इस्पितळात रुग्ण म्हणतो, "पोटात दुखतंय," आणि डॉक्टर पोट दाबून बघतात. आमच्याकडे काशीबाई नावाची एक म्हातारी होती. तिला भेटायला कधी कुणी आल्याचं मी पाहिलं नाही. ती एका सकाळपासून म्हणायला लागली, "माझ्या पोटात विंचू हाय. नांगी मारतोय." आम्ही काय केलं? तिची डोक्याची गोळी वाढवली. विंचू म्हणजे भास, हे कुणीही सांगेल! काशीबाई विंचू विंचू करत राहिली, आणि तिचं पातळ रक्ताने भिजलं तेव्हा कुठे कळलं, की विंचू खरा होता. त्याचं नाव रक्ती हगवण. सलाइन लावलं, पण उशीर झाला होता. ती गेली. तिला अग्नी द्यायलाही इस्पितळातलेच लोक गेले.

त्या दिवशी मला जो धक्का बसला तो सगळ्यांत मोठा, असं मला वाटलं होतं. तो मोठा नव्हता. मोठा पुढे होता.

बायकांच्या वॉर्डाला दोन बाजू होत्या, मध्ये व्हरांडा. उजवी बाजू मार्थाबायची, डावी हिराबायची. दोघीही वॉर्डात मदतनीस. रुग्णांना उठवणं, न्हाऊ घालणं, जेवू घालणं, गोळ्या देणं, सगळं यांच्याकडे.

मार्थाबाय वटारची. पहाटे चर्चमध्ये मिस्सा म्हणजे प्रार्थना करून ती कामावर यायची. अंगाने किरकोळ, आवाज गोड, आणि रुग्णांवर जीव असा की काही बायका तिला 'माय' म्हणायच्या. मला विचाराल तर त्या इस्पितळात औषध कुणी होतं तर ती.

हिराबाय अर्नाळ्याची, कोळीण. घरची मासळी बाजारात पोचवून ती कामावर यायची आणि स्टुलावर बसली की उठायची नाही. गोळ्या वाटताना बाजारात लिलाव पुकारावा तशी बसल्या जागेवरून ओरडायची, "चल गं, ये, घे, गिळ, जा! पुढची!" गोळी गिळली की कुठे टाकली, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

गोळी गिळणं ही आमच्याकडची मोठी लढाई. रुग्ण गोळी जिभेखाली धरतात, गालात दाबतात, आणि पाठ फिरली की थुंकतात. कुणाला ती विष वाटते, कुणाला तिने झोप येते, कुणाला उगीचच नको असते. म्हणून गोळी दिली की तोंड तपासायचं, अशी शिस्त. ही शिस्त मनापासून पाळायची ती मार्थाबाय. तिच्या हातात लांब दांड्याचा एक चमचा आणि तो बुचकळायला पाण्याचा पेला. गोळी द्यायची, वरून पाणी पाजायचं आणि म्हणायचं, "आ कर गं बाय." मग चमच्याने जीभ उचलून बघायची, एक गाल, दुसरा गाल, वरची हिरडी. हळू, कुणाला लागणार नाही असं. "शाणी माझी ती." की पुढची. संस्थेचे विश्वस्त आले, बाहेरचे डॉक्टर आले, तर मी स्वतः त्यांना हे दाखवायला न्यायचो आणि छाती फुगवून सांगायचो, "आमच्याकडे गोळी गटारात जात नाही." पाहुणे माना डोलवायचे.

उजव्या बाजूची काशीबाई गेली आणि मागोमाग त्याच बाजूच्या बायका एकेक करून पडायला लागल्या. तोच आजार. मी वॉर्ड बंद केला. बंद म्हणजे व्हरांड्यात दोर बांधला, कामावरची माणसं सोडली तर आतलं कुणी बाहेर नाही, बाहेरचं कुणी आत नाही. भेटी बंद. घरी जाणंही बंद, कारण आजार सोबत घेऊन माणूस घरी गेलं, तर तिथली पोरंबाळं, म्हातारी माणसं पडायची. नियम माझाच होता आणि योग्य होता.

त्या नियमात सुमन अडकली.

सुमन चांदीपची. फार वर्षांपूर्वी घरच्यांनी तिला आणून सोडलं होतं. त्यानंतर ती बरी झाली, आणि बरी होऊनही वर्षं गेली. आमच्याकडे असे बरेच जण असायचे. डॉक्टरांच्या लेखी बरे. घरच्यांच्या लेखी आत. सुमन उजव्या बाजूलाच राहायची आणि मार्थाबायच्या हाताखाली कामं करायची. गोळ्यांच्या वेळी पाण्याची कळशी तीच धरायची. त्या वर्षी काय झालं कोण जाणे, तिच्या म्हाताऱ्या आईने हट्ट धरला, की डोळे मिटायच्या आधी पोरगी घरी आणा. सुमनने बोचकं बांधलं आणि ते उशाला घेऊन झोपायला लागली. आणि भाऊ न्यायला आला तो नेमका मी दोर बांधल्यावर.

बाळू त्याचं नाव. दोराच्या अलीकडे उभा, हातात टोपी. मी त्याला समजावलं, की बहिणीला काही झालेलं नाही, पण आजार पसरवणारा चोर सापडेपर्यंत वॉर्ड बंद आहे. त्याने ऐकून घेतलं आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते मी अजून विसरलो नाही. सुटल्यासारखं.

"मग ऱ्हाऊ दे साहेब," तो म्हणाला. "आयला सांगतो, आजार हाय म्हनून."

"अरे, राहू दे काय? थोड्या दिवसांनी ये."

"थोड्या दिसांनी कापनी लागंल. आन् खरा सांगू का? बायको आता हो बोललीय. पुढं बोलंल का नाय, ता देवाला ठावं." मग दोराकडे बघत म्हणाला, "दसऱ्यापरत बगतो. मग नाय जमायचा."

व्हरांड्याच्या पलीकडे सुमन बोचकं घेऊन उभी होती. तिला सगळं ऐकू जात होतं. तो गेल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "साहेब, तुमचा तो चोर लवकर धरा."

चोर धरायचा होता दसऱ्याच्या आत. आणि नुसता धरून भागणार नव्हतं. धरल्यावर पुरेसे दिवस कुणी नवं पडायला नको आणि तपासण्या स्वच्छ यायला हव्यात, तरच दोर सुटणार.

मी कामाला लागलो. पहिला संशय विहिरीवर. विहिरीत ब्लीचिंग पावडर इतकी टाकली की आठवडाभर सगळ्या इस्पितळाचा चहा ब्लीचिंगचा. मोठे डॉक्टर एक घोट घेऊन म्हणाले, "निरीक्षक, जंतू मरतील, पण मला साक्षीदार म्हणून जिवंत ठेवा." पाणी स्वच्छ निघालं. आणि तसंही, दोन्ही बाजूंना पाणी त्याच विहिरीचं. मग इस्पितळामागचं बावखल. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीला पाणी देणारं गोडं तळं. तिथून आलेली भाजी बंद केली. आजार थांबेना. स्वयंपाकघर बघितलं, दूध बघितलं, संडास दिवसातून कितीतरी वेळा धुवून घेतले. पण जेवण एकाच चुलीचं, दूध एकाच गवळ्याचं, संडास सामाईक. मग उजवीच बाजू का?

खरं सांगायचं तर माझा संशय पहिल्यापासून हिराबायवर होता. ती आळशी, तिच्या अंगाला मासळीचा वास, तिच्या बाजूच्या चादरी मळक्या. चोर तिच्याकडेच असणार. मी रोज तिच्या बाजूला जाऊन नाक खुपसायचो. शेवटी ती वैतागली.

"साहेब, काय हुंगताव? माज्याकडं कोन आजारी हाय? दाखवा. कोनी नाय! जा तिकडं, तुमच्या देवमानसाकडं."

खरंच कुणी नव्हतं. मळक्या चादरींवर हिराबायच्या बायका ठणठणीत. आणि मार्थाबायच्या पांढऱ्याशुभ्र चादरींवर बायका पोट धरून लोळतायत. मला हे देवाघरचं उलटं गणित वाटायला लागलं.

आणखी एक कोडं होतं. उजव्या बाजूच्या जवळजवळ सगळ्या जणी पडल्या, तरी दोघी शाबूत होत्या. एक सुमन. दुसरी ताराबाई. ताराबाईंना तुम्ही भेटायला हवं होतं. पूर्वी शाळेत शिक्षिका होत्या. बोलणं अत्यंत सभ्य. मी पहिल्यांदा त्यांच्याजवळ गेलो तेव्हा हात जोडून म्हणाल्या, "या. बसा. एक आधी सांगून ठेवते, मी चावते." मला ती थट्टा वाटली. माझ्या मनगटावर ती थट्टा बरेच दिवस निळी-हिरवी होऊन राहिली. चावून झाल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मी सांगितलं होतं." त्यांच्या तोंडाजवळ कुणी बोट नेत नसे. औषधसुद्धा त्यांना पातळ दिलं जाई, लांबून, त्यांच्या त्यांच्या पेल्यात.

तर सगळ्यांत विश्वासाची बाई आणि सगळ्यांत धोक्याची बाई, अशा दोघीच वाचलेल्या. मधल्या सगळ्या आडव्या. जेवण तेच, पाणी तेच, खोली तीच. या दोघींत सारखं ते काय? मी कोठीच्या जमिनीवर खडूने खाटा काढल्या, आजारी त्यांवर फुल्या मारल्या, उकिडवा बसून तासन्तास बघत राहिलो. एकदा मेट्रनबाई दारात येऊन म्हणाल्या, "इथे कुणाला भरती करायचं ते सांगून ठेवा, खाट मोकळी करते."

दसरा जवळ येत चालला.  मी आलो की सुमन बोचक्यावर हात ठेवून बघायची, बस.

एका रविवारी मी घरी उन्हं कलल्यावर जेवत होतो. जेवत होतो म्हणजे शरीराने. डोक्यात ताराबाई आणि सुमन. तसाच हातातला आमटीचा चमचा लोणच्याच्या बरणीत घातला.

"अहो!" ही अशी ओरडली की आळीतलं कुत्रं भुंकायला लागलं. "उष्टा चमचा! बरणीत! वर्षाचं लोणचं, नासवलंत सगळं! लहान आहात का? तोंडातला चमचा बरणीत घालायचा नाही, हे पोरांना कळतं! एका चमच्याने बरणीभर बुरशी येते!"

मी चमचा हातात धरून तसाच बसलो.

"काय झालं? जीभ चावलीत का?"

तोंडातला चमचा. बरणी. मार्थाबायच्या हातातला पेला.

ताराबाईंच्या तोंडात चमचा जात नव्हता, कारण त्या चावायच्या. सुमनच्या तोंडात जात नव्हता, कारण तिच्यावर विश्वास होता; ती तर शेजारी उभी राहून कळशी धरायची. बाकी सगळ्यांच्या तोंडात जात होता. आणि हिराबाय? तिने स्टुलावरून उठून कधी कुणाचं तोंड उघडायला लावलंच नव्हतं!

मी ताटावरून उठलो. ही मागून म्हणत होती, "अहो, भात तरी—" पण मी सायकलवर बसलो होतो. हात धुतलेले नव्हते. स्वच्छता निरीक्षक.

संध्याकाळच्या गोळ्यांची वेळ होती. मी व्हरांड्यात खांबाशी उभा राहिलो आणि आजवर कितीतरी वेळा अभिमानाने पाहिलेलं ते पुन्हा पाहिलं. या वेळी नुसता चमचाच बघितला. "आ कर गं बाय." जिभेखाली, एका गालात, दुसऱ्या गालात. पेल्यातल्या पाण्यात बुचकळला. "शाणी माझी ती." पुढची. "आ कर गं बाय." पुन्हा त्याच पेल्यात. ज्यांना जुलाब चालू होते त्या, ज्यांची बोटं कुठे कुठे जाऊन तोंडात यायची त्या, ज्या अजून धडधाकट होत्या त्या. रांग संपली तेव्हा मी पेल्यात डोकावलो. पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं होतं.

 तिथूनच वळलो.

मी मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"चमचा? आपला चमचा?" त्यांनी चष्मा पुसला. "अहो, मी रोज राउंडला बघतो की तो."

सगळेच बघत होते. डॉक्टर, मेट्रन, विश्वस्त, मी. आम्ही कोण माणसं? वरून पाणी पिणारी, पेल्याला ओठ न लावणारी. दुसऱ्याने चाखलेली आमटी न खाणारी. मार्थाबायच्या स्वतःच्या घरी नातवाला सर्दी झाली, तर त्याचा पेला वेगळा काढला जायचा. तिनेच मला सांगितलं होतं. उष्टं काय असतं हे आम्हाला पुस्तकात वाचायची गरज नव्हती, ते आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलो होतो. आणि तरी वर्षानुवर्षं आमच्या डोळ्यांसमोर एक चमचा इतक्या तोंडांतून फिरत होता आणि कुणाला ते उष्टं वाटलं नाही. का? यावर मी पुष्कळ विचार केला. जे उत्तर सापडलं ते आजही घशाखाली उतरत नाही. उष्टं माणसाचं असतं. त्या बायकांची तोंडं आम्हाला तोंडं वाटतच नव्हती. तपासायच्या जागा वाटत होत्या. पाकीट, खिसा, गोळी लपवायची फट.

मार्थाबायला सांगायचं काम माझ्यावर आलं. ती मागच्या मोरीवर तोच चमचा राख-चिंचेने घासत बसली होती. लखलखीत. तिचं ते रोजचं काम होतं.

मी सांगितलं. ती आधी हसली.

"काहीतरीच, साहेब. मी दर वेळी पाण्यात बुडवते ना."

"त्याच पाण्यात, मार्थाबाय."

ती चमच्याकडे बघत राहिली. मग शेजारच्या पेल्याकडे. तिच्या हातातला राखेचा चोथा तसाच राहिला. तिने विचारलं, "काशीबाईपण?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही," मी म्हणालो. आणि ते खरं होतं. आजार बाहेरून एका नव्या बाईबरोबर आला असावा. पुढे कोण कसं पडलं हे एकेक करून सांगता येणार नव्हतं. पण खरं बोललं म्हणून ऐकणाऱ्याला बरं वाटतं असं नाही.

"हिराच्या बायका बऱ्या," ती म्हणाली. "हिरा बघत नाही म्हणून बऱ्या. मी बघते म्हणून..."  चमचा धुऊन, पुसून माझ्या हातात दिला आणि पदराला हात न पुसताच निघून गेली.

मला वाटलं, ही आता येत नाही. दुसऱ्या सकाळी ती आली, मिस्सा करून, नेहमीपेक्षा जरा उशिरा. डोळे सुजलेले. काखेत कापडाची गुंडाळी.

"फादरला सांगितलं सगळं," ती म्हणाली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हात धू आणि कामाला जा."

गुंडाळीत बांबूच्या पातळ पट्ट्या होत्या. आमचे काही रुग्ण टोपल्या विणायचे. त्या टोपल्यांच्या उरलेल्या कांब्या तिने नवऱ्याकडून तासून गुळगुळीत करून आणल्या होत्या. एका तोंडाला एक पट्टी, की चुलीत. तिने पुन्हा तोंडं तपासायला सुरुवात केली, पण "आ कर गं बाय" म्हणताना तिचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही. तो पुन्हा तसा व्हायला पुष्कळ काळ गेला.

हिराबायला हे कळलं तेव्हा तिने व्हरांड्यात कमरेवर हात ठेवून सगळ्यांना सुनावलं, "घ्या! मला रोज बोलत होते ना? बगा, आलशीपनानं मानूस वाचतो!" तिचा हा विजय दुपारपर्यंत टिकला. दुपारी मेट्रनबाईंनी तिच्या बाजूच्या उशा उसवल्या. कापसाबरोबर गोळ्या पडायला लागल्या, पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या, पडतच राहिल्या. तिच्या बायकांची पोटं बरी होती. पण त्यांच्यातल्या काहींना रात्र रात्र भिंतीशी भांडताना आम्ही ऐकलं होतं आणि औषध लागू पडत नाही म्हणून हळहळलो होतो. हिराबाय त्या ढिगाकडे बघून खाली बसली. "माज्या मायला," एवढंच पुटपुटली. तिच्याही हातात पट्ट्या आल्या.

चमचा बंद झाल्यावर दोन-तीन जणी आणखी पडल्या, त्या आधीच लागण झालेल्या. मग कुणी नाही. त्या पेल्यातलं पाणी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवून शिक्कामोर्तब करून घेण्याची आमची पोच नव्हती. चमचा थांबला आणि आजार थांबला, हाच पुरावा. एकेक तपासणी स्वच्छ येत गेली. मी मात्र पिसाळल्यासारखा झालो होतो. वॉर्डावॉर्डातून ओरडत फिरायचो, "कुणी कुणाचं उष्टं खायचं नाही! कुणाच्या पेल्याला तोंड लावायचं नाही!" ताराबाई म्हणाल्या, "तुम्ही फार ओरडता. मी चावते, पण ओरडत नाही."

दसऱ्याच्या आधल्या दिवशी मी दोर सोडला. चांदीपला निरोप आधीच धाडला होता.

बाळू येईल की नाही, कुणालाच खात्री नव्हती. मार्थाबायने सुमनची वेणी घातली, अबोलीचा गजरा माळला, मग वेणी नीट नाही म्हणून सोडून पुन्हा घातली. दुपार कलली. सुमन पायरीवर बोचकं घेऊन बसलेली. मी कामं शोधून शोधून त्याच व्हरांड्यात येत होतो, आणि मेट्रनबाई, मोठे डॉक्टरही.

तो आला. फाटकातून आत येताना पाय ओढत होता, पण आला. हातात केळ्यांची फणी. बहिणीसमोर उभा राहिला.  त्याने फणीतलं एक केळं तोडून तिला दिलं.

"खा. वाट लांब हाय."

सुमनने केळं सोललं. अर्धं खाल्लं. आणि उरलेलं अर्धं, दातांच्या खुणांसकट, त्याच्यापुढे धरलं.

"घे बाळ्या."

लहानपणी हीच रीत असणार त्यांची. तिचा हात तसा सरळ पुढे आला, विचार न करता. आणि बाळू थांबला. त्याने आमच्याकडे बघितलं. डॉक्टर, मेट्रन, मार्थाबाय, मी. आम्ही सगळे त्या अर्ध्या केळ्याकडे बघत होतो. 'वेड्यांच्यातल्या' बाईचं उष्टं.

माझ्या जिभेवर आलंच होतं. महिनाभर दुसरं काही ओरडलो नव्हतो मी. तोंड उघडलंसुद्धा. तिची तपासणी स्वच्छ होती हे मला माहीत होतं, पण सवय तपासणी बघत नाही. तेवढ्यात मार्थाबायने माझी बाही धरली. वळून बघितलं नाही तिने, नुसती बाही धरली.

बाळूने केळं घेतलं आणि खाल्लं. दोन घासांत. साल पँटच्या खिशात कोंबली, बहिणीचं बोचकं उचललं आणि म्हणाला, "चल. आय वाट बगते."

फाटकापर्यंत ती त्याच्या मागून चालत होती. फाटकाबाहेर शेजारून.

संध्याकाळी घरी हे सगळं सांगितलं. ही पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"तुम्ही मध्ये बोलला नाहीत ना?"

"बोलणार होतो."

"पण बोलला नाहीत ना?"

"नाही."

तिने पोळी तव्यावर टाकली, पाट मांडला, पान वाढलं. मी हात धुऊन येऊन बसलो.

"मग ती त्या अर्ध्या केळ्यापाशीच घरी पोचली," ती म्हणाली, आणि लोणच्याची नवी बरणी माझ्यापुढे सरकवली. "घ्या. चमचा धुतलेला आहे."